तोंडी मत

"फॉन रेनित्स," सुतारानं जहागीरदाराचं नाव मोठ्यानं घेतलं आणि खाली मान घालून तो शाळेच्या खोलीतून निघून गेला.

वकील टेस्मरांचं डोकं फिरलं. याच सुताराची जमीन त्यांनी जहागिरीशी भांडून, एक पैसा न घेता सोडवून दिली होती. सकाळपासून हेच चाललं होतं. प्रशियात मत असंच द्यायचं, सगळ्यांदेखत, तोंडानं. कायदा करणाऱ्यांना त्याची लाज नव्हती. टेबलाशी गावप्रमुख नावं लिहून घेत होता आणि त्याला खेटून जहागिरीचा कारभारी क्लेम्प बसला होता. अर्ध्या गावाची घरं त्याच्या मुठीत. टेस्मर दोनदा निवडून विधिमंडळात जाऊन आले होते आणि याही वेळी उभे होते, पण आज त्यांचं नाव घ्यायला एकाचीही जीभ रेटत नव्हती.

"नेभळट लेकाचे," ते दातओठ खात पुटपुटले.

इतक्यात शेतमजूर गुस्ट पागेल टोपी हातात चुरगाळत पुढे आला. आतापर्यंत सगळ्यांनी टेस्मरांची नजर चुकवली होती. यानं मात्र थेट त्यांच्याकडे पाहिलं. टेस्मर खुर्चीत पुढे सरकले. हा वेडा माझं नाव घेणार! आणि नोव्हेंबरात, घरांचे करार संपतात त्या मार्टिनच्या सणाला, क्लेम्प याला आजारी बायकोसकट जहागिरीच्या खोपटातून हुसकून लावणार.

पागेलनं तोंड उघडलं, तोच टेस्मर उभे राहिले.

"माझी हरकत आहे. या माणसानं गेल्या हिवाळ्यात गरिबांच्या फंडातून सरपण घेतलंय. फंडातून मदत घेणाऱ्याला मत नसतं."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. ते सरपण टेस्मरांनीच मिळवून दिलं होतं, गावात कुणाला कळणार नाही असा शब्द देऊन. पागेलचा चेहरा पांढराफटक पडला. गावप्रमुखानं खांदे उडवले आणि त्याचं नाव खोडून टाकलं.

क्लेम्प सावकाश मागे रेलला. "वकील तुला वाचवायला धावला, पागेल. म्हणजे तू कुणाचा ते कळलं मला. मार्टिनच्या सणाला खोपट रिकामं कर."

पागेल बाहेर पडला. टेस्मर त्याच्या मागोमाग अंगणात धावले.

"गुस्ट, अरे थांब. तुझ्या घरासाठीच केलं मी हे. तू माझं नाव घेतलं असतंस तर त्यानं..."

पागेल गर्रकन वळला.

"तुमचं नाव? मी मालकाचंच नाव घेणार होतो, वकीलसाहेब. तुमच्याकडे बघितलं ते माफी मागायला."