जास्तीची ओळ

"तांबटकाका, हे अक्षर तुमचंच ना?" डॉ. मृण्मयीने विचारलं आणि निवृत्त तंत्रज्ञ दौलत तांबट कचरतच पुढे आले. लेबलवर नको ते लिहितो म्हणून त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी साहेबांची बोलणी खाल्ली होती.

तिने पुढे धरलेला, मेणात बसवलेला गाठीचा तुकडा मिरजेच्या ऊतिपेढीतला, म्हणजे रुग्णांच्या गाठींचे नमुने जपणाऱ्या संग्रहातला होता. आता जगभरच्या पेढ्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. सकाळी केनियातल्या एका आजारी मुलीच्या कर्करोगाच्या गाठीशी चार कोटी नमुने ताडून पाहिले, तेव्हा तंतोतंत जुळणारा हा एकच निघाला.

"त्या काळातली बाकीची लेबलं स्पिरिटने पुसली गेलीत. तुमचं लख्ख कसं?"

"शाई पुसते. शिसपेन्सिल नाही पुसत."

काकांनी भिंग धरून वाचलं. शेवंता, वय नऊ. खाली बारीक अक्षरात एक ओळ: गोवर आला, चार दिवस ताप, मग गाठ विरली.

"गोवराला फॉर्ममध्ये रकानाच नव्हता," काका ओशाळून म्हणाले. "पण नंतर तपासणीला आली की तिची आई परत परत सांगत होती. कुणीतरी लिहायला नको?"

मृण्मयी त्यांच्या पाया पडली.

त्या ओळीच्या आधारावर केनियातल्या डॉक्टरांनी सौम्य केलेला गोवराचा विषाणू मुलीला टोचला. महिन्याभरात जगातल्या सगळ्या पेढ्यांच्या फॉर्मवर एक नवा रकाना आला: आई काय सांगते?

पहिली नोंद केनियाची होती. 'आज पोटभर जेवली.'