रेघेच्या अलीकडे

दोन्ही डिशमधल्या पेशी झुंबरबाईंच्याच होत्या. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हा गाठीतून घेतलेल्या. एका डिशमध्ये मोहिनीने कॅन्सरला आवर घालणारं जनुक पेशींत सोडलं होतं. दुसरीतल्या पेशी तशाच ठेवल्या होत्या. काल तिने पिपेटच्या टोकाने दोन्ही डिशमध्ये मधोमध पेशी खरवडून एक मोकळी रेघ ओढली.

आज जनुकवाल्या पेशी रेघेच्या काठाशी थांबल्या होत्या. एकही पलीकडे गेली नव्हती. असंच व्हायला हवं होतं, तरी मोहिनीला एका जागी बसवेना.

तपासणीला पेठ गावाहून आल्या की झुंबरबाई तिच्यासाठी नागलीचं पीठ घेऊन लॅबमध्ये यायच्या. आज मात्र त्या बाहेर पॅसेजमध्येच उभ्या राहिल्या.

"मावशी, आत या ना."

"कशी येऊ बाई? पुढं फट हाय."

फरशी कोरडी होती, सपाट होती. मोहिनी तिच्यावरून चालत गेली, परत आली. पण झुंबरबाई खाली बघत मागे सरकल्या. "लय खोल हाय."

मोहिनी घाईघाईने मायक्रोस्कोपकडे वळली. तिने दुसरी डिश लावली. तिच्यात रेघच उरली नव्हती. दोन्हीकडून पेशी येऊन मोकळी जागा पार भरून गेली होती.

तिने मान वर केली. पॅसेजमध्ये झुंबरबाई पिठाची पिशवी धरून तशाच उभ्या होत्या.

तेवढ्यात मागच्या दारातून अटेंडंट सुवर्णाताईंनी डोकं आत घातलं.

"मॅडम, इकडे मागच्या दाराने झुंबरबाई आल्यात. थांबा म्हटलं तर थांबतच नाहीयेत."