तीन तासांची काच

एमिलबेक आत आला तो बूट न काढताच. फाटकात गाडी घुरघुरत उभी; ड्रायव्हरनं इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं.

"आई, काच हवीय. डोंगरावरच्या लेझरच्या खिडकीला."

"दोन वर्षांत आई नाही आठवली," बोटांवरचा तांबडा लेप फडक्याला पुसत झुराकान म्हणाली. "काच बरी आठवली."

कारखान्यात काच घासणारी आता ती एकटीच; राहायचीही तिथंच. सहातल्या पाच चाकांवर चादरी पडलेल्या.

एमिलबेकनं साहेबाचा कागद पुढे केला. "पूर्वीचीच जात. साधी भिंगाची काच. आहे ना?"

"कोठीत आहे. पण गारठलीय. बाहेर काढली की तीन तास तिला कुणी हात लावायचा नाही. खोलीच्या उबेला आली की दिव्याखाली तपासणार, मग देणार. न तपासलेली काच माझ्या दारातून जात नाही, मग साहेब कितीही मोठा असो."

त्यानं घड्याळ पाहिलं. मान खाजवली. मग दारातून ओरडला, "तोक्तोसुन, बंद कर रे गाडी! तीन तास आहेत."

तीन तास. झुराकाननं मनातल्या मनात मांस चुलीवर चढवलंसुद्धा. कांदा कालचाच चिरलेला होता. नातीला दात किती आले ते विचारता येईल. कोठीची किल्ली तिनं कमरेची काढली, आणि सवयीनं विचारायचं म्हणून विचारलं, "लेझर जुनाच ना?"

"छे. नवा, चौपट ताकदीचा. पण झोत फाकतोय गं. उपग्रहाला लागतच नाही. साहेब म्हणतात, काचेवर ओरखडे असतील."

किल्ली हातातच राहिली.

कागदावर साहेबाची सही होती. शिक्का होता. तिला कुणी विचारलं नव्हतं. तोंड मिटून कोठी उघडायची, एवढंच काम होतं.

"अक्कल वाटत होते तेव्हा तुझा साहेब कुठं गेला होता रे?" ती म्हणाली. "इकडे ये."

पिवळ्या दिव्याखाली दुसरी एक काच सकाळपासून ठेवलेली होती, त्याच जातीची, कुणाच्या तरी कॅमेऱ्यासाठी. तिच्यात काळ्या पट्ट्या दिसत होत्या, ओळीनं, सरळ; काच सपाट असल्याची खूण.

"ठेव हात. तीस आकडे मोज."

त्यानं पंजा टेकवला, मोजलं, उचलला. पट्ट्या धनुष्यासारख्या वाकल्या होत्या.

"हातानं हे, तर तुमच्या नव्या लेझरनं काय होईल? काच थोडा उजेड पिते, तापते, वाकते. मग झोत फाकणार नाही तर काय? कॅमेऱ्याला चालते, तिथं कोण तापवतंय तिला."

कपाटातून तिनं नमद्यात, जाड लोकरी कापडात, गुंडाळलेली चकती काढली. क्वार्ट्झची. तेवढी एकच उरली होती. दुसऱ्या दिव्याखाली ठेवली. "आता हिच्यावर ठेव."

त्यानं तीस मोजले. मग आपणहून साठ मोजले. पट्ट्या जागच्या हलल्या नाहीत.

"हिला काहीच होत नाही?"

"नाही."

"मग हीच." त्यानं दाराकडे पाहिलं. "हिलापण तीन तास?"

चुलीकडे न बघता झुराकान म्हणाली, "तपासलेलीच आहे. ने."

"वाचलो गं आई! उजेड असेतो वर पोचायला हवं." आणि खोटं नव्हतं ते, त्याचा चेहरा खरोखरच उजळला होता.

तिनं चकती पुन्हा नमद्यात गुंडाळली, पेटीत ठेवली, दोरी दोनदा आवळली. भाकर न चाखता घरातून कुणी जायचं नसतं, म्हणून नान पुढे केला. त्यानं उभ्याउभ्या एक घास तोडला आणि चावतचावतच गाडीत बसला. तोक्तोसुननं हात हलवला. मग धूळ.

ती आत आली. पिवळा दिवा चालूच होता. कॅमेऱ्याच्या काचेतल्या पट्ट्या अजून वाकलेल्या होत्या, त्याचा पंजा टेकला होता तिथंच.

आपली ऊब तिथवर पोचू नये म्हणून झुराकाननं स्टूल पार भिंतीपाशी ओढलं, आणि पट्ट्या सरळ होईपर्यंत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिली.