झीज नाही

माझ्या एमआरआयची फिल्म खडखडली. नवऱ्याने ती स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या उजेडात धरली होती.

"कंबरेची झीजच ना?" सासूबाईंनी विचारलं. "लेकीला सारखी कडेवर घेऊन फिरते, दुसरं काय होणार!"

"छे गं आई. डॉक्टर म्हणाले, मणक्यांमधल्या चकत्या अगदी विशीतल्या पोरीसारख्या आहेत." हे सांगताना त्याने खालच्या मणक्यातल्या गाठीवर अंगठा दाबून ठेवला होता. कॅन्सर पसरलाय, हे घरात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

"मग झालं तर! झीज म्हातारपणी व्हायची, हिला कुठली आत्ता?" सासूबाई मोकळ्या हसल्या.

लेक माझ्या गुडघ्यांना बिलगली.



"आई, तू कधी गं होणार म्हातारी?"