तिसऱ्या बाईचा प्रश्न

“घरात बंदूक हाय का, पाटील?”

जगदेवरावांनी विडा तोंडाजवळ तसाच धरला. नातू सांभाळायला म्हणून आलेली ही महिन्यातली तिसरी बाई, आणि तिसरीनेही बसल्या बसल्या हेच विचारलं होतं. पहिलीला त्यांनी हसण्यावारी नेलं होतं. दुसरीला शिव्या हासडल्या होत्या.

“तुमा बायायले कोन शिकवून पाठवते वं?” ते गरजले. “लेकरू सांभाळाले आली का पंचनामा कराले?”

सुंदरबाई आसेगावची. पन्नाशीची, काटक, दुसऱ्यांची पोरं वाढवण्यात जन्म गेलेला. ती ओट्यावर मांडी घालून बसली होती, ती हलली नाही.

“हाय का नाई, तेवढं सांगा.”

सांगायचं काय त्यात? ओट्यावरून माजघरातली खुंटी सरळ दिसत होती आणि खुंटीला ठासणीची बंदूक टांगलेली होती. तिच्या बरोबर खाली घरचा कापूस रचलेला. वेचणी चालू होती, रोज संध्याकाळी गाठोडी येत आणि ढीग वाढत जाई. तीन वर्षांचा नातू दिवसभर त्याच ढिगावर चढायचा, घसरायचा, पुन्हा चढायचा. पंधरवड्यापूर्वी त्याचा हात बंदुकीपासून दोन हात लांब होता. आता वीतभर राहिला होता. जगदेवरावांना हे दिसत नव्हतं असं नाही. ते त्याच माजघरात जेवत होते.

सून दुर्गा दाराआड उभी होती. तिचा नवरा अकोल्याला कापसाच्या जिनात कामाला, दिवाळीशिवाय यायचा नाही. सासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नाही, ही या घराची रीत. चार वर्षांत जगदेवरावांनी तिचा आवाज ऐकला नव्हता आणि याचं त्यांना मोठं कौतुक होतं. पोरगा तिच्या कडेवर गुळाचा खडा चोखत होता. त्याच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते.

“कान ठनकून राह्यला वाटते त्याचा,” जगदेवराव म्हणाले. “त्याच्याकडं पाहा. बंदुकीचं तुले काय करा लागते?”

“भरेल हाय का?”

“खाली हाय.”

“मंग उतरवा अन् घोडा वढून दावा. माह्यासमोर.”

जगदेवरावांनी विडा तोंडात कोंबला आणि चावत राहिले. खोटं बोलताना पकडल्यावर मोठ्या माणसांना फार राग येतो. त्यांनाही आला.

“भरेल हाय! मंग? तुरीत डुक्कर घुसलं त त्याले का थांब म्हनू, दारू ठासू दे म्हनू? असी बंदूक भरेलच ठेवा लागते.”

“अन् खाली कसी करते?”

“बार काढल्याबिगर खाली होत नाई ते. अन् बार कायले वाया घालू? परवाना तहसिलीत अडकेल हाय सहा महिन्यापासून. घरात दारूचा कन नाई. हा एकच बार हाय माह्यापाशी.”

डुकरासाठी जपून ठेवलेला बार, आणि त्याच्याखाली रक्ताचा नातू. हे बोलताना माणसाची जीभ अडखळायला हवी होती. अडखळली नाही.

सुंदरबाईनं खुंटीकडे पाहिलं. मग म्हणाली, “तीन सालं झाले, पाटील. एका घरी पोरगं सांभाळत होती. मी इहिरीवर गेली, तेवढ्यात त्यानं बंदूक वढली. म्याच उचललं त्याले. सारे मलेच इचारत होते, तुवं ध्यान कुठं होतं म्हनून. भरून टांगनाऱ्याले एकानंबी इचारलं नाई. तवापासून मी पयले इचारतो.”

“झालं इचारून? चालती हो.”

सुंदरबाई उठली. पदर खोचला. ओट्याच्या पायरीवर थांबून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पयले खाली म्हनते, मंग भरेल म्हनते. गंजून गेली असन तुमची बंदूक. बारबिर काई नाई तिच्यात. सशायले भेवाडाले टांगेल हाय. असंच सांगत जाईन मी, ह्या केनवडापासून आसेगावपावतर.”

समोरच्या ओट्यावर दोघं हसले. तेवढं पुरलं. जगदेवरावांचं कपाळ लाल झालं. ते माजघरात गेले, कापसात गुडघाभर रुतत बंदूक ओढून काढली, अंगणात आले, नळी निंबाच्या शेंड्याकडे केली आणि घोडा ओढला.

धडाका झाला. कावळे उठले, वासरानं दावं ताणलं, समोरचे दोघं आत पळाले. धुरात जगदेवराव खोकत उभे राहिले. कडेवरचा पोरगा तेवढा गुळाचा खडा चोखत होता.

“झाली खाली!” ते ओरडले. “आता सांभाळतं का लेकरू?”

“नाई,” सुंदरबाई म्हणाली. “तुमच्या दारात पुन्हा पाय ठेवनार नाई.”

ती घराला वळसा घालून गोठ्यामागच्या पायवाटेनं निघाली. तिथे दुर्गा आधीच येऊन उभी होती, हातात फडक्यात बांधलेली भाकर. सुंदरबाईनं ती घेतली.

दुर्गानं पोराला दगडावर बसवलं. त्याच्या एका कानातला बोळा काढला, मग दुसऱ्यातला, आणि दोन्ही उकिरड्यावर फेकून दिले.

“मावशी,” ती म्हणाली, “पयल्या दोघीयलेबी म्या हेच सांगून बलावलं होतं, बार निघेपावतर उठू नका म्हनून. त्या भेल्या अन् उठून गेल्या.”