दातांतली फट

"टोचते का कुठं?" डॉक्टर मंजुषाने विचारलं.

"न्हाई."

"चावताना हलते?"

"न्हाई ओ. लई चांगली बसती." जगदेवीबाईंनी कवळी काढून रुमालावर ठेवली. "पण मला ही नको. माझे पयले दात द्या."

मंजुषा हबकलीच. लातूरला दवाखाना टाकल्यापासून तिने केलेल्या कवळ्यांत ही सगळ्यात देखणी होती. मक्याच्या दाण्यांसारखे सारखे, पांढरेशुभ्र दात. आणि मापासाठी तोंडात तो लगदा कोंबायचा नाही, उमासे नाहीत. टूथब्रशएवढी कांडी हिरड्यांवरून फिरवली की जबडा रंगीत होऊन पडद्यावर हजर. या यंत्राचं कौतुक सांगायला मंजुषाला निमित्त लागत नसे, आणि खरं सांगायचं तर ते कौतुक खोटंही नव्हतं.

"पहिले दात हलायला लागले म्हणून तर काढले ना, मावशी?"

"तसलेच दिसणारे करा. पुढं फट, बाजूचा वाकडा, आन एकाचा कोपरा फुटल्याला. लग्नाच्या साली येळवशीच्या सणाला शेतात ऊस खाताना फुटला व्हता."

"लोक फट बुजवायला येतात माझ्याकडे!"

"येऊ द्या. मला घरात वळखंना झालेत."

मंजुषाला हसू आलं. नव्या कवळीने चेहरा थोडा बदलतोच. होईल सवय घरच्यांना, असं ती सांगणार, तेवढ्यात दार ढकलून एक म्हातारे गृहस्थ आत डोकावले. पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, गालफडं पार बसलेली.

"ताईंचं झालं का? तिकडं किल्लारीला आमची मालकीण जेवायची थांबली आसंल."

"झालंच," जगदेवीबाई म्हणाल्या. "डबा आणलाय. दोन घास खाऊन घ्या तवर."

"नको ताई. परक्या बाईला कशाला तरास." हात जोडून ते बाहेर गेले.

"कोण हो हे?"

"आमच्या गावचेच हायत." जगदेवीबाईंनी पदर सारखा केला. "सोबत आणलंय."

"नाव काय त्यांचं?"

"अप्पा म्हणत्यात समदे."

मंजुषाला म्हाताऱ्यांची रीत फार आवडली. बायको उपाशी असेल म्हणून शेजारणीच्या डब्याला हात न लावणारी माणसं आता राहिलीत कुठं?

"डॉक्टरबाई, दात काढायच्या आधी तुमी ती कांडी फिरवली व्हती," जगदेवीबाई हळूच म्हणाल्या. "तुमच्या कंप्युटरात आसतील न्हवं माझे दात?"

हे मंजुषाच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिने जुनी फाइल शोधली, आणि पडद्यावर तो जबडा उघडला. समोर फट. तिच्या शेजारी वाकडा दात. पलीकडच्याचा फुटका कोपरा. हाडामांसाचे दात कधीच कचऱ्यात गेले होते आणि इथे मात्र एक रेघही हललेली नव्हती. जगदेवीबाईंनी पडद्याला बोट लावलं.

"हाव. ह्येच," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

मग मंजुषाचा विरोध मावळला. तिने नव्याने हिरड्यांचं माप घेतलं आणि पडद्यावर त्यांच्यावर जुने दात बसवले. फुटका कोपरा जरासा गोल करायचा मोह तिला झाला. एवढ्याशाने कुणाला काय कळणार! पण ते भरलेले डोळे आठवले, आणि कोपरा होता तसा ठेवून तिने कवळी थ्रीडी प्रिंटरवर छापायला टाकली. स्वतःच्या हाताने वाकडे दात करायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती.

पंधरवड्याने दोघं पुन्हा आले. अप्पा आणखी वाळलेले दिसत होते. बाहेरच्या बाकावर बसून ते दाराकडे बघत राहिले.

कवळी पहिल्या झटक्यात बसली. वाकडा दात ओठाला जिथे टेकायचा तिथेच टेकला. मंजुषाला यंत्राचा असा अभिमान कधी वाटला नव्हता. जगदेवीबाईंनी मात्र आरशात पाहिलंसुद्धा नाही. डबा उचलून त्या थेट बाहेर गेल्या. मंजुषा कौतुकाने मागोमाग गेली.

"जेवता का?" बाकापुढे उभं राहून जगदेवीबाईंनी विचारलं, आणि त्या हसल्या.

अप्पा "नको ताई" म्हणायला हात जोडत होते. ते हात तसेच राहिले. ते फटीकडे बघत राहिले, फुटक्या कोपऱ्याकडे बघत राहिले. मग बाकावर सरकून त्यांनी शेजारी जागा केली.

"कुठं गेली व्हतीस गं इतके दिस?" ते म्हणाले. "ती ताई रोज ताट वाढायची. मी म्हटलं, माझी जगदेवी आल्याबिगर जेवायचो न्हाई. सोड डबा."