काकांना एकदा बघू द्या

"काकांना डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी सही करणार नाही, काकू. माझा नियमच आहे तो."

नव्या सल्लागारबाईंनी हे तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा काकूंनी हातातली कपबशी खाली ठेवली आणि आतल्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

"झोपलेत गं ते. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून ना बोलणं, ना हलणं. अनोळखी माणूस दिसलं की घाबरतात."

"मी काय वाघ आहे का, काकू?"

काकू हसल्या, पण उसनं हसल्या.

त्यांच्या पैशांचा कारभार इतकी वर्षं ज्यांनी पाहिला, त्या जुन्या सल्लागारांना सगळी गिऱ्हाइकं 'मास्तर' म्हणत. थकले म्हणून त्यांनी काम सोडलं, लांब लेकीकडे राहायला गेले आणि आपली गिऱ्हाइकं या बाईंच्या हवाली केली. दोघांची भेट कधी झालीच नाही, सगळं फोनवर. आणि दर फोनला मास्तरांचं एकच पालुपद असायचं. "बाकी काय हवं ते तपासा हो, पण त्या दोघा म्हाताऱ्यांना त्रास देऊ नका. काकांचा हयातीचा दाखला दरवर्षी मीच पाठवायचो. तुम्हीही द्या पाठवून. उगाच घरी कशाला जाता?"

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच. त्यांनी कुठल्याच बँकेचं मीठ खाल्लेलं नव्हतं. गिऱ्हाइकाकडून ठरलेली फी घ्यायची आणि खरं तेच सांगायचं, एवढंच त्यांचं दुकान. कारभार उघडून पाहिला तर काय! काकांची जन्मभराची कमाई मास्तरांनी एकाच पेन्शनीत घातलेली. तीही काका असेपर्यंतच मिळणारी. काका गेले की काकूंच्या हाती कटोरा. मागे बायकोचं नाव लावायचं साधं काम, तेवढंही त्या माणसाने केलं नव्हतं.

"तुम्हाला हे माहीत होतं, काकू?"

"नंतर कळलं."

"मग त्यांना जाब नाही विचारलात?"

"काय विचारायचं? चूक झाली त्यांच्याकडून. इथेच, या खुर्चीत बसून रडले बिचारे. म्हणाले, वहिनी, मी निस्तरतो."

"रडायला काय जातंय! कमिशन खाल्लं आणि गेले लेकीकडे निघून." बाईंचा पारा चढला. त्यांच्या स्वतःच्या आईला असंच कुणीतरी बुडवलं होतं, तेव्हापासून या जातीच्या माणसाचा त्यांना तिटकारा होता. "काका आहेत तोवर निभतंय. उद्या काही बरंवाईट झालं म्हणजे?"

"त्यांच्या जिवावरच चाललंय बाळ सगळं," काकू म्हणाल्या आणि नाइलाजाने उठल्या.

आतल्या खोलीच्या दाराशी पुरुषी बूट पडले होते. टाचा झिजलेले, चिखल अजून ओला.

"शेजाऱ्यांचे," काकू घाईघाईने म्हणाल्या. "यांना उचलून बसवायला येतात. विसरून गेले."

"अनवाणीच?"

"शेजार काय, भिंतीला भिंत लागून आहे."

खोलीत पडदे ओढलेले होते. पलंगावर म्हातारा माणूस निजलेला, कानाला मफलर, गळ्यापर्यंत पांघरूण, डोळे मिटलेले. उजवा हात बाहेर लुळा पडला होता. फळीवर काकांचा चष्मा होता, काचांवर धुळीचा थर. किती दिवसांत वर्तमानपत्रसुद्धा वाचलं नसेल, या विचाराने बाईंना गलबलून आलं. उशाशी दोन कप होते, दोन्हींच्या तळाशी चहा. बाईंनी आपल्याजवळच्या कागदांतल्या काकांच्या जुन्या फोटोशी चेहरा ताडून पाहिला. फोटोतला माणूस चांगला भरलेला, हा नुसता सापळा. आजारपणात माणसाचं काय राहतं!

त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. तो लुळा हात त्यांनी हातात घेतला. ऊब होती. नाडी मात्र धावत सुटल्यासारखी.

"काका, घाबरू नका. त्या मास्तरने तुमच्या घराचं वाटोळं केलं, पण आता मी आहे. काकूंची काहीतरी सोय लावतेच."

मिटल्या पापणीखालून पाणी ओघळलं आणि मफलरमध्ये मुरलं.

"ऐकू येतंय त्यांना!" बाई म्हणाल्या. त्यांनी तो हात अलगद पांघरुणात सारला, तिथेच हयातीच्या दाखल्यावर सही ठोकली आणि कागद काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"देव तुझं भलं करो. चल, बाहेर बसू. चहा टाकते."

"चहा नंतर. आधी त्या मास्तरला चार शब्द सुनावते. इथेच, काकांच्या समोर. त्यांनाही जरा बरं वाटेल."

"नको गं!" काकू एकदम पुढे आल्या. "आत्ता नको. दुपारचे झोपतात ते."

"झोपतात? माझी झोप उडवली त्यांनी." बाईंनी नंबर लावून फोन कानाशी धरलासुद्धा. "आणि एवढं काय घाबरता त्यांना? लांब बसलेत ते, लेकीकडे."

काकूंनी फोन काढून घ्यायला हात पुढे केला.

घंटी वाजली. बाईंच्या कानात वाजली, आणि पलंगावरच्या पांघरुणाखालीही वाजली. मग तो लुळा उजवा हात पांघरुणात घाईघाईने चाचपडला, आणि दोन्ही फोन एकदमच बंद झाले.